मळवलीचा छापखाना आणि हरिश्चंद्राचे पुनर्जन्म

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकलगाडी वडगाव, कान्हे, कामशेत अशी एकेक स्थानके मागे टाकीत निघाली, म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचे शेवटचे स्थानक लागते ते मळवली. येथे उतरणारे उतारू बहुधा दोन प्रकारचे असतात. उजव्या हातास कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचे देऊळ, तिकडे जाणारे भाविक. आणि डाव्या हातास भाज्याची लेणी, लोहगड व विसापूर, तिकडे जाणारी हौशी मंडळी. तिसऱ्या एखाद्या कारणासाठी मळवलीस उतरावे, असे फारच थोड्यांच्या मनात येत असेल. परंतु एके काळी महाराष्ट्रातीलच नव्हे, तर साऱ्या हिंदुस्थानातील घराघरांच्या भिंतींवर लागणारे देव या लहानशा गावी छापले जात होते. राजा रविवर्मा यांचा शिळाछापाचा कारखाना येथे होता.

जुने, नावाजलेले चित्रपट रंग भरून, आवाज बदलून, काटछाट करून, आणि अगदी अलीकडे तर शेवटच निराळा लावून पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याची रीत आपल्याकडे रूढ होऊ लागली आहे. तिच्याविषयी काही लिहावे म्हणून बसलो असता मला प्रथम हा मळवलीचा छापखाना आठवला. वाचकांस हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटण्याचा संभव आहे. पण तो तसा नाही. त्या दोहोंस जोडणारा मनुष्य येथून एकाच स्थानकाच्या अंतरावर, लोणावळ्यास, शाईने हात काळे करून घेत होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

आधी छापखान्याची हकीकत सांगतो. रविवर्म्यांची तैलचित्रे राजेरजवाड्यांच्या महालांत लागत. सामान्य गृहस्थास त्यांचे दर्शनही दुर्लभ. वडोद्याचे एके काळचे दिवाण सर टी. माधवराव (हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले) यांनी रविवर्म्यांस असे सुचविले होते की, चित्रे छापून काढली तर ती घरोघर पोहोचतील. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला. पुढे मुंबईत प्लेगाने थैमान घातले, आणि १८९९च्या सुमारास तो मळवलीस हलविण्यात आला. जागा आगगाडीच्या रस्त्यावरची, पाण्याची ददात नाही, शहरापासून दूर असूनही मुंबई हाकेच्या अंतरावर. मावळातला पाऊस मात्र छापणाऱ्याच्या कामी येणारा नव्हे. दमट हवेत कागद फुगतो, आणि कागद केसभर फुगला तरी एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही.

हा रंगावर रंग बसविण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. शिळाछापात मूळ चित्राचा ठसा आपोआप उतरत नसे. कुशल कारागीर मूळ चित्र समोर ठेवून, त्यातील रंगांची मनाशी फोड करून, प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूने निराळे रेखाटन करी. असे अनेक दगड एका चित्रास लागत. त्यांवरून कागद एकामागून एक फिरला म्हणजे चित्र तयार होई. वर रोगण चढविले की तैलचित्राचा भास होत असे. तेव्हा घरोघर गेलेले जे रविवर्म्याचे चित्र, ते काटेकोर बोलावयाचे तर रविवर्म्याच्या हातचे नव्हतेच. ती त्याच्या चित्राची, दुसऱ्याच्या हाताने, बाजाराच्या सोयीने केलेली दुसरी आवृत्ती होती. मळवलीचा खरा माल हा होता.

आणि या मालाने छापखान्याच्या मूळ मालकास श्रीमंत केले नाही. चित्रकारास हिशेब जमेना, कर्ज वाढले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रविवर्म्यांनी छापखाना, पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह, फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. श्लायशर हा व्यापारात जाणता होता. त्याच चित्रांच्या लहान आकाराच्या प्रती, दिनदर्शिका, मालाच्या वेष्टनांवरील चिठ्ठ्या असे नाना प्रकार त्याने काढले. सरस्वती, लक्ष्मी, शकुंतला, दमयंती या साऱ्या जणी कधी भिंतीवर तर कधी साबणाच्या व औषधांच्या जाहिरातींत शोभू लागल्या. रविवर्मे १९०६ साली वारले. त्यांची चित्रे मात्र पुढे कित्येक वर्षे मळवलीत नवी होत राहिली. गिऱ्हाइकाला भडक निळा हवा तर निळा, सोनेरी काठ हवा तर तो. हौशी गृहिणी चित्रातल्या देवीस खऱ्या जरीची साडी व टिकल्याही शिवीत, हा तर या व्यवहाराचा परमोत्कर्षच म्हणावयाचा!

मी लहान असता आमच्या आजीच्या देवघराबाहेर अशीच एक लक्ष्मी टांगलेली असे. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत छापखान्याचे नाव आणि मळवली-लोणावळा हा पत्ता. पुढे पुष्कळ वर्षांनी रविवर्म्याच्या हातची तैलचित्रे पाहण्याचा योग आला, तेव्हा मनास जो अनुभव आला तो कबूल करण्यास थोडी लाज वाटते. मूळ रंग मला फिके वाटले. छाया फार, झळाळी कमी. क्षणभर असेच वाटून गेले की, या चित्रकाराने आमच्या आजीच्या लक्ष्मीची नक्कल केली आहे, आणि ती तितकीशी साधलेली नाही. जी आवृत्ती आपण आधी पाहिली ती मूळ, हा मनुष्यस्वभाव आहे; आणि या स्वभावावरच पुढचा सगळा व्यापार उभा आहे.

आता फाळक्यांकडे वळू. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व वडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा केला, जादूचे खेळ केले, पुराणवस्तु-संशोधन खात्यात नोकरी धरली व ती सोडली. त्यानंतर त्यांनी लोणावळ्यास कोरीव ठसे व छपाई यांचा स्वतःचा कारखाना काढला. त्यांचे मुख्य काम कोणते, तर रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्राच्या साह्याने दगडावर चित्र उतरवून देणे. म्हणजे कारागिराचा हात जे अंदाजाने करी, तेच काम भिंगाकडून करून घेणे. पुढे तिरंगी छपाईही ते करू लागले. व्याप वाढला तसा कारखाना दादरला गेला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावास चढला, आणि यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीस जाऊन आले. भागीदारांशी बिनसले तेव्हा हा धंदाही त्यांनी सोडला, आणि मग ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांनी जो ध्यास घेतला, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातला लोणावळ्याचा अध्याय मात्र चरित्रकार दोन ओळींत उरकतात, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. हिंदुस्थानात चित्रपट आणणारा पुरुष हा मुळात प्रती काढणारा होता. एका चित्राच्या हजार प्रती कशा निघतात, कोणत्या प्रतीस बाजार मिळतो, ठसा झिजला म्हणजे काय करावे, हे त्याने मावळात राहून शिकून घेतले होते.

'राजा हरिश्चंद्र' प्रथम निमंत्रितांस २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया नाट्यगृहात दाखविला गेला, आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांस खुला झाला. दाबके हे हरिश्चंद्र, अण्णा साळुंके हे तारामती, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास. लांबी ३,७०० फूट. पुढे सुरतेस सहा-सहा तास नाटके पाहावयास सरावलेल्या प्रेक्षकांना हा तासाभराचा खेळ तोकडा वाटला, तेव्हा तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल अशी जाहिरात करण्यात आली म्हणतात. हिशेब करून पाहिला तर छायाचित्रांचा आकडा बरोबर येतो, फुटाला सोळा या प्रमाणाने तो जवळजवळ तितकाच भरतो; दोन मैल मात्र अर्ध्याहूनही कमी भरतात. सत्यवादी राजाच्या चित्रपटाच्या जाहिरातीत ही गोष्ट व्हावी, हे मोठे गमतीचे आहे.

यापुढची घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने पहिली म्हणावयास हवी. अवघ्या चार वर्षांनी, १९१७ साली, फाळक्यांनी हरिश्चंद्राचीच कथा पुन्हा चित्रित करून 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पडद्यावर आणली. त्याच वर्षी मादन यांच्या कलकत्त्याच्या कंपनीनेही रुस्तमजी धोतीवाला यांच्याकडून याच नावाचा चित्रपट करविला, यावरून या कथेस बाजार किती होता ते दिसते. फाळक्यांनी जुनीच फिल्म पुन्हा का लावली नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्या काळच्या फिल्मचा स्वभाव ज्यास ठाऊक आहे त्यास तो पडणार नाही. मूळ निगेटिव्हवरून जितक्या प्रती काढाव्या तितकी ती झिजते. गावोगाव हिंडणारी प्रत प्रत्येक यंत्रात थोडीथोडी ओरखडते, तुटते, जोडली जाते, आणि प्रत्येक जोडास चार-दोन चित्रे गमावते. शिवाय ती नायट्रेटची, म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी. ज्या कारागिराने लोणावळ्यास दगडावरील झिजलेले चित्र घासून टाकून त्याच दगडावर नवे उतरविले असेल, त्यास जुने पुसून नवे करण्यात वावगे काय वाटणार? शिळाछापात असेच करतात. दगड महाग असतो. चित्र पुन्हा काढता येते.

पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. तेथे 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी पहिली व शेवटची अशी दोन रिळे जतन झाली, ती १९१३ची नसून १९१७च्या दुसऱ्या चित्रीकरणाची असावीत, असे चित्रपटेतिहासाच्या काही जाणत्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते बरोबर असेल तर आपण हिंदुस्थानचा पहिला चित्रपट म्हणून ज्याकडे कौतुकाने पाहतो, ज्याचे तुकडे दरवर्षी मे महिन्यात दाखविले जातात, ती त्याची दुसरी आवृत्ती ठरते. आजीच्या लक्ष्मीसारखाच हा प्रकार झाला. दुसऱ्या आवृत्तीने पहिलीचे नाव घेतले, जागा घेतली, आणि पहिली कोठे गेली याची चौकशी करावयास पन्नास वर्षे कोणी आले नाही.

फाळक्यांच्या वाट्यास याच खेळाची उलटी बाजूही आली. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट रखडत रखडत १९३२ साली पुरा झाला, तोवर 'आलम आरा' येऊन वर्ष उलटले होते. पडदा बोलू लागला होता, आणि मुक्या रामास गिऱ्हाईक उरले नव्हते. अर्देशिर इराणी यांच्या सल्ल्याने त्याच चित्रपटावर मागाहून आवाज चढविण्यात आला व तो बोलपट म्हणून पुन्हा बाहेर काढण्यात आला. खर्च वाढला, यश आले नाही. मुक्या अभिनयासाठी उघडलेल्या ओठांवर बोलके शब्द बसविणे हे दमट कागदावर दुसरा रंग बसविण्याहून अवघड असले पाहिजे. बदललेली आवृत्ती म्हणजे हमखास पैसा, असे मानणाऱ्यांनी 'सेतुबंधन'ची आठवण ठेवावी.

बोलपट आल्यावर जे झाले ते एका माणसाचे राहिले नाही, साऱ्या धंद्याचे झाले. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने आपला पहिला बोलपट, 'अयोध्येचा राजा', १९३२ साली काढला तो पुन्हा हरिश्चंद्राच्याच कथेवर. या राजास पुन्हा एकदा डोंबाघरी पाणी भरावे लागले. प्रभातने स्वतःचे मूकपटही असेच बोलके केले. १९२९चा 'गोपाळकृष्ण' १९३८ साली पुन्हा आला, १९३१ची 'चंद्रसेना' १९३५ साली. बाबूराव पेंटरांनी १९२५च्या आपल्या 'सावकारी पाश'चा १९३६ साली बोलपट केला. पेंटरांच्या १९२०च्या 'सैरंध्री'ची कथा प्रभातने १९३३ साली घेतली व तिला रंगीत करावयाचे ठरविले. प्रती रंगविण्यासाठी फिल्म जर्मनीस गेली. मळवलीस छापखाना चालविणारा जर्मन, फाळके यंत्रांसाठी गेले ते जर्मनीस, आणि आता सैरंध्रीची साडी रंगावयास जर्मनीसच! परत आलेले रंग पाहून मंडळी निराश झाली, आणि प्रभातने पुन्हा त्या वाटेस पाऊल टाकले नाही.

या सर्व बोलक्या आवृत्त्यांचा मूळ मूकपटांवर काय परिणाम झाला, ते एका वाक्यात सांगता येईल: ते नाहीसे झाले. कोणी ते मुद्दाम नष्ट केले असे नव्हे. नवी आवृत्ती हातात असता जुनी जतन करण्यास लागणारी थंड कोठी, माणूस, विमा यांचा खर्च कोणी का करावा? शिवाय जुन्या फिल्मच्या लेपात चांदी असते, आणि ती काढून घेणारे लोक दाराशी येत. ज्या व्यवहाराने नव्यास भांडवल दिले त्यानेच जुन्यास मोडीत काढले. साध्या दुकानदारीचा न्याय तो, त्यास दुष्टपणा म्हणण्याचे कारण नाही. पण या न्यायाने हिंदुस्थानात तयार झालेल्या हजारांहून अधिक मूकपटांपैकी फारच थोडे आज आपणांस पाहावयास उरले आहेत.

येथे थोडे आडवळण घेऊन एका वेगळ्या प्रकारच्या फेरफाराचा उल्लेख करणे मावळच्या संदर्भात अगत्याचे आहे. १९३० साली प्रभातने शिवछत्रपतींच्या तरुणपणावर, तोरणा घेण्याच्या प्रसंगावर, चित्रपट केला; शांताराम स्वतः शिवाजी झाले. नाव होते 'स्वराज्याचे तोरण'. त्या वर्षी देशात मिठाचा सत्याग्रह चालू होता, आणि परीक्षक मंडळास 'स्वराज्य' हा शब्द सोसवेना. नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले, काही प्रसंगही बदलले गेले, तेव्हा कोठे मावळे पडद्यावर आले. फेरफार व्यापारासाठीच होतात असे नाही. परंतु बदललेल्या रूपातच पुढे जावयाचे, आणि मूळ रूप कोणीच पाहावयाचे नाही, हा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके जुन्या चित्रपटांस एक प्रकारे सुखाची गेली. सकाळच्या व दुपारच्या खेळांस जुने बोलपट कमी दराने लागत. एकच प्रत वर्षानुवर्षे तालुक्यातालुक्यांतून फिरे. ओरखडे वाढत, गाणे मध्येच तुटे, पण चित्रपट तोच असे. वितरकास त्यात बदल करण्याची गरज नव्हती, कारण तो पुन्हा पाहण्यास दुसरी जागाच नव्हती. दूरदर्शन, व्हिडिओ आणि पुढे घरोघरच्या वाहिन्या यांनी ही गरज प्रथम निर्माण केली. जे घरी फुकट दिसते त्यासाठी तिकीट काढावयास लावावयाचे, तर ते घरी दिसते त्याहून काही निराळे आहे असे दाखविणे भाग पडले. जुने नवे करून विकण्याच्या अलीकडच्या प्रथेचे मूळ येथे आहे, कोणाच्या कलाप्रेमात नाही.

तिचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे 'मुघल-ए-आझम'. के. आसिफ यांचा हा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात लागला. त्याचा काही भाग रंगीत होता. त्यावरून हुरूप येऊन आसिफ यांच्या मनात सगळाच चित्रपट रंगात पुन्हा घ्यावयाचा होता, पण आधीच वर्षांमागून वर्षे पैसे अडकलेले वितरक त्यास तयार झाले नाहीत. निर्मितीचे भांडवल शापूरजी पालनजी यांच्या घराण्याचे होते; त्याच घराण्याने पुढे संगणकाने उरलेल्या भागात रंग भरविले. नौशादांच्या देखरेखीखाली संगीताचा साज नव्याने चढविला, ध्वनी चोहोंकडून ऐकू येईल असा केला, आणि सुमारे वीस मिनिटांचा भाग काढून टाकला. १२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीत, नव्या मोठ्या चित्रपटांच्या जोडीने तो पुन्हा लागला व पंचवीस आठवडे चालला.

हा पैसा रंगाने मिळविला काय? माझ्या मते नाही. २००७ साली 'नया दौर' रंगीत होऊन आला, आणि त्याच्या वाट्यास हे भाग्य आले नाही; 'हम दोनों' २०११ साली आला, 'शोले' २०१४ साली त्रिमितीत आला, तेव्हाही लोकांनी कौतुक केले, पण त्या दिवाळीची गर्दी परत आली नाही. 'मुघल-ए-आझम'च्या बाबतीत मूळ कर्त्याची इच्छाच रंगाची होती, शीशमहाल रंगातच उभारलेला होता, आणि चाळीस-चव्वेचाळीस वर्षांत वाढलेल्या दोन पिढ्यांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिलेला नव्हता. रंग हे त्यांस बोलावण्याचे निमित्त झाले. आपल्याकडील 'पिंजरा' मूळचाच रंगीत, १९७२चा. २०१६ साली तो रंग बदलून नव्हे, तर स्वच्छ धुऊनपुसून पुन्हा चित्रगृहांत आणण्यात आला, आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो पाहिलेल्या लोकांनी आपल्या मुलांस हाताला धरून नेले. तेथे निराळे काही दाखवावे लागले नाही; जुनेच नीट दिसणे एवढे नवेपण पुरले.

मी रंगीत 'मुघल-ए-आझम' पाहावयास माझ्या भाच्यास घेऊन गेलो होतो. तो तेव्हा बारा वर्षांचा. काही वर्षांनी घरी मूळ कृष्णधवल प्रत लावली, तर तो म्हणाला, "मामा, हिचा रंग उडाला आहे." मी त्यास हसलो नाही. आजीची लक्ष्मी मला आठवली.

या व्यवहारात मूळ कर्त्याचे स्थान काय, हेही पाहिले पाहिजे. रविवर्म्यांनी हक्क विकले, त्यानंतर श्लायशरने चित्रांचे काय करावे यावर त्यांची सत्ता राहिली नाही. पण निदान विकणारे ते स्वतः होते. चित्रपटाचे तसे नाही. १९५७च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि त्याचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. कृतीची विटंबना झाल्यास हरकत घेण्याचा जो विशेष हक्क कायदा देतो, तोही कर्त्यासच. २०१२ सालच्या दुरुस्तीपूर्वी दिग्दर्शकास सहकर्ता मानावे अशी सूचना पुढे आली होती; ती गळून पडली. म्हणजे ज्याने पैसा घातला तो कर्ता, आणि ज्याने चित्रपट घडविला तो परका. पैसा घालणाऱ्याचा हक्क मी नाकारीत नाही. त्याच्यावाचून शीशमहाल उभाच राहिला नसता. परंतु ही वाटणी किती दूर जाऊ शकते ते २०२५च्या ऑगस्टमध्ये दिसले. 'रांझणा' या २०१३च्या चित्रपटाची तमिळ आवृत्ती हक्कदार कंपनीने यंत्रबुद्धीच्या साह्याने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली. मूळ कथेत मरणारा नायक तीत जगतो. दिग्दर्शक आनंद राय यांनी व नायकाचे काम करणाऱ्या धनुष यांनी उघड निषेध केला. चित्रपट लागावयाचा तो लागलाच.

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथे 'शोले'चा पुन्हा जुळविलेला, मूळ शेवटाचा पाठ दाखविला गेला. आणीबाणीच्या काळात परीक्षकांनी ठाकुराच्या पायांखालून गब्बरास वाचविले होते. पन्नास वर्षांनी तो दिग्दर्शकाने मारला होता तसा पुन्हा मारला गेला. एकाच उन्हाळ्यात एक मेलेला जिवंत झाला आणि एक जिवंत राहिलेला मेला, आणि दोन्हींचे नाव 'पुनःप्रदर्शन' हेच. पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'शोले'च्या बाबतीत हरवलेले शोधून जोडले गेले. पूर्वीचा पाठही लक्षावधी लोकांस पाठ आहे, तो कोठे जात नाही. दुसऱ्या प्रकारात नसलेले निर्माण झाले, आणि उद्या कोणा तमिळ मुलास तेच मूळ वाटणार. मला भय वाटते ते रंगाचे नाही, त्रिमितीचे नाही, फार काय बदललेल्या शेवटाचेही नाही. फाळक्यांनी स्वतः जे केले ते दुसऱ्यास वर्ज्य का असावे? भय आहे ते एवढेच, की नवी आवृत्ती दुकानात आली की जुनी मागच्या दाराने जाते. आणि आज ती चांदीसाठीही कोणी नेत नाही, नुसती बटण दाबून पुसता येते.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील कोठीत ठेवलेली नायट्रेटची अनेक रिळे २००३च्या जानेवारीत अशीच जळाली.

गेल्या पावसाळ्यात आजीच्या लक्ष्मीस वाळवी लागली. चौकट बदलावयास मी ती पेठेतल्या एका दुकानी नेली. दुकानदार तरुण व मोठा तत्पर. त्याने चित्र यंत्राखाली धरले आणि पाच मिनिटांत पडद्यावर अशी लक्ष्मी उभी केली की, कमळे जणू नुकतीच उमलली आहेत. डाग नाही, भेग नाही, साडी लालबुंद. "काका, ही छापून देतो, हवी तेवढी मोठी. जुनी आता ठेवून काय करणार, बाकीच्या चित्रांना वाळवी लावील," तो म्हणाला. नवी प्रत मी घेतली. ती दिवाणखान्यात लावली आहे, व येणारेजाणारे तिचे कौतुक करतात. जुनी घेऊन घरी आलो, वाळवीचा भाग ब्रशाने झाडला, उन्हात ठेवली. खालच्या कोपऱ्यातला मळवलीचा पत्ता अर्धा खाल्ला गेला आहे. लोणावळा हे नाव तेवढे अजून वाचता येते.